दीड दिवसाची शाळा आणि लोकशाहीर अण्णा भाऊ साठे

१ ऑगस्ट या तारखेला आपल्या सीमाभागात दोन प्रतिमांना हार घातले जातात. एक लोकमान्य टिळकांची. १९२० साली याच दिवशी मुंबईत त्यांचे निधन झाले. ज्या बेळगावात त्यांनी १९१६ मध्ये होमरूल लीगची स्थापना केली, त्या गावाला त्यांचे स्मरण असणे स्वाभाविकच आहे. दुसरी प्रतिमा लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांची. टिळक गेले त्याच दिवशी वाळवे तालुक्यातल्या वाटेगावात एका मातंग कुटुंबात अण्णा भाऊंचा जन्म झाला.

वाटेगाव आपल्याला परके नाही. बेळगावहून निपाणी, कागल, कोल्हापूर करत पुण्याकडे जाणाऱ्या महामार्गावर कासेगाव लागते आणि तिथून आत वळले की वाटेगाव. तिथली बोली आणि निपाणी परिसरातली बोली या सख्ख्या बहिणी. म्हणूनच अण्णा भाऊंच्या कादंबऱ्या वाचताना आपल्याकडच्या वाचकाला शब्दांसाठी अडावे लागत नाही.

जयंतीच्या दिवशी जवळजवळ प्रत्येक भाषणात एक वाक्य हमखास येते : दीड दिवस शाळेत गेलेल्या माणसाने पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या. टाळ्या पडतात. आम्हालाही या गोष्टीचे कौतुक आहेच. पण हे वाक्य एवढ्यावरच थांबले की ती एका चमत्काराची गोष्ट होते आणि चमत्कारातून शिकण्यासारखे काही उरत नाही. शाळेबाहेर राहिलेले ते पोर लोकांसमोर उभे कसे राहिले, त्याला उभे राहायला जागा कोणी दिली, त्याचे ऐकायला कोण बसले, हे पाहिले तर अण्णा भाऊंचे चरित्र आजच्या आपल्या गावांनाही काही सांगते. म्हणून यंदा त्या बाजूने हे चरित्र मांडत आहोत.

वाटेगावचे दिवस

अण्णा भाऊंचे मूळ नाव तुकाराम. वडील भाऊराव, आई वालुबाई. वडील मुंबईत माळीकाम करत आणि अधूनमधून गावी येत. घर चालवण्याचा भार आईवर. त्या काळात मातंग समाजाच्या वाट्याला दुहेरी जाच होता. एकीकडे अस्पृश्यता आणि दुसरीकडे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. या कायद्यात ज्या जमातींची नावे घातली गेली, त्यांच्या माणसांना पोलीस पाटलापुढे हजेरी द्यावी लागे, विचारल्याशिवाय गाव सोडता येत नसे. गावात कुठे चोरी झाली की पहिला संशय त्यांच्यावर. जन्माने माणूस गुन्हेगार ठरवणारा हा कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडावे लागले.

अशा घरातले पोर शाळेत गेले, तेव्हा त्याला वेगळे बसावे लागले. मास्तरांचा मार आणि हेटाळणी वाट्याला आली आणि दुसऱ्याच दिवशी शाळा सुटली ती कायमची. दीड दिवस म्हणतात तो हा. त्यात मुलाच्या अभ्यासाच्या आवडीनावडीचा प्रश्नच नव्हता. शाळेचे दार उघडे होते, पण आत बसायला जागा नव्हती. हा फरक लक्षात ठेवायला हवा, कारण शाळा सोडलेल्या मुलांविषयी बोलताना आजही आपण पहिल्यांदा मुलाकडे बोट दाखवतो.

शाळा सुटली तरी शिकणे सुटले नाही. रानात हिंडणे, पाखरांचे आवाज ओळखणे, दांडपट्टा फिरवणे, जत्रेतले तमाशे, वगातल्या गोष्टी, वडीलधाऱ्यांकडून ऐकलेल्या बंडखोरांच्या कथा हे सगळे त्या मुलाच्या पोटात साठत होते. इंग्रजांचा खजिना आणि सावकारांचे धान्य लुटून उपाशी माणसांना वाटणारा फकिरा त्यांनी याच वयात ऐकला. पुढे तीस-पस्तीस वर्षांनी तो कादंबरी होऊन बाहेर आला.

पायी मुंबई

१९३१ च्या सुमारास साठे कुटुंबाने गाव सोडले. रेल्वेचे भाडे परवडणारे नव्हते. वाटेगाव ते मुंबई हा प्रवास त्यांनी पायी केला. वाटेत जिथे काम मिळेल तिथे थांबायचे, मजुरी करायची, चार पैसे आणि शिधा जमला की पुढे निघायचे. अण्णा तेव्हा अकरा-बारा वर्षांचे होते. आज आपल्या भागात दर हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात. खोपटी पडतात, लहान भावंडाला कडेवर घेतलेली पोरे फडाच्या कडेला दिसतात आणि गाळप संपले की सगळे निघून जातात. नव्वद वर्षांपूर्वी वाटेगावहून निघालेले ते कुटुंब कसे दिसत असेल, याची कल्पना करायला आपल्याला फार लांब जावे लागत नाही.

मुंबईत कुटुंबाने भायखळ्याच्या बाजूला आसरा घेतला. अण्णांनी पडेल ते काम केले. हमाली केली, हॉटेलात भांडी विसळली, फेरीवाल्याचे गाठोडे वाहिले, पुढे कापड गिरणीत लागले. अक्षरओळख झाली ती याच रस्त्यांवर. दुकानांच्या पाट्या, सिनेमाच्या जाहिराती, भिंतींवरची पत्रके हीच त्यांची बाराखडी. अक्षराला अक्षर जोडत ते वाचू लागले आणि वाचता येऊ लागल्यावर हाती लागेल ते वाचत सुटले. गिरणगावात तेव्हा संप, सभा, मोर्चे हे रोजचे होते. भाषणे ऐकून आणि त्यांवर कोपऱ्यावर चाललेल्या चर्चा ऐकून या मुलाला जगाची ओळख होत गेली.

रशियन लेखक मॅक्सिम गॉर्की याच्याशी अण्णा भाऊंची तुलना नेहमी केली जाते. तीही निराधार नाही. गॉर्कीची शाळाही लहानपणीच सुटली. त्यानेही दुकानात पोऱ्या म्हणून, व्होल्गा नदीवरच्या बोटीवर भांडी घासणारा म्हणून, बेकरीत कामगार म्हणून दिवस काढले आणि त्या दिवसांतूनच त्याचे लेखन उभे राहिले. अण्णा भाऊंनी गॉर्की मराठीतून वाचला आणि आपल्यासारख्यांच्या जगण्यावरही पुस्तक होऊ शकते, हा धीर त्यांना मिळाला.

फडावरची शाळा

गिरणीची नोकरी सुटली, घरच्या अडचणी आल्या आणि अण्णा भाऊ काही काळ गावी परतले. नात्यातले बापू साठे यांचा तमाशाचा फड होता, त्यात ते सामील झाले. लोकांसमोर बोलण्याचे खरे शिक्षण त्यांना इथे मिळाले असे आम्हाला वाटते.

तमाशाच्या फडात प्रवेश घेताना दाखला लागत नसे. गळा हवा, पाठांतर हवे, प्रसंगावधान हवे. ढोलकी, तुणतुणे, पेटी जे हातात येईल ते वाजवता यायला हवे. समोरचा प्रेक्षक दिवसभर राबून आलेला. तो कंटाळला तर तोंडावर सांगतो आणि आवडले तर पागोटे उडवतो. लोकांना काय कळते, कशाने हसू येते, कुठे डोळे भरतात, हे कागदावर शिकता येत नाही. अण्णा भाऊ ते फडावर शिकले. याच काळात सातारा भागात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या चळवळीचे वारे वाहत होते. १९४२ च्या आंदोलनात तमाशाचा फड हे निरोप पोचवण्याचे आणि मने चेतवण्याचेही साधन झाले.

लेबर कॅम्प : डासांवरचे गाणे

पुन्हा मुंबईत आल्यावर अण्णा भाऊंचा मुक्काम माटुंग्याच्या लेबर कॅम्पात होता. दलित आणि कष्टकरी कुटुंबांची ही दाट वस्ती. महाडच्या सत्याग्रहाच्या उभारणीत पुढे असलेले आणि नंतर कम्युनिस्ट पक्षात गेलेले कॉम्रेड आर. बी. मोरे यांच्यासारखे कार्यकर्ते इथे काम करत. दिवसभराचे काम संपले की संध्याकाळी वस्तीत बैठका होत, गाणी होत. इथेच अण्णा भाऊंना पहिल्यांदा आपले स्वतःचे काही रचून लोकांना ऐकवण्याची संधी मिळाली. कॅम्पात डासांचा भयंकर उपद्रव होता. त्या डासांवर रचलेले गाणे ही त्यांची अगदी सुरुवातीची रचना मानली जाते.

या छोट्या गोष्टीपाशी आम्हाला थोडे थांबावेसे वाटते. एका अल्पशिक्षित तरुणाला कार्यकर्त्यांनी उभे केले आणि त्याला विषय दिला नाही. देशभक्तीवर बोल, थोर पुरुषांवर बोल, स्वच्छतेचे महत्त्व सांग, असे कोणी म्हटले नाही. त्याला ज्याचा त्रास होत होता, त्यावर तो बोलला. ऐकणाऱ्या प्रत्येकाला रात्री तेच डास चावत होते, म्हणून सगळ्यांना ते आपले वाटले. हसता हसता गटारांचा, पाण्याचा, नगरपालिकेच्या दुर्लक्षाचा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी आला. पुढे जगातल्या मोठमोठ्या घटनांवर पोवाडे रचणाऱ्या शाहिराची सुरुवात अशी स्वतःच्या अंथरुणापासून झाली.

तिथून त्यांची झेप मात्र लांबची होती. स्पेनमधल्या यादवी युद्धावर त्यांनी पोवाडा रचला. दुसऱ्या महायुद्धात स्टालिनग्राडच्या लढाईवरचा त्यांचा पोवाडा गिरणगावात गाजला. बंगालच्या दुष्काळावर त्यांनी लिहिले, अमळनेरच्या गोळीबारात पडलेल्या कामगारांवर लिहिले, फाळणीच्या वेळच्या पंजाब आणि दिल्लीतल्या दंग्यांवर लिहिले. पाट्या वाचून अक्षर शिकलेला माणूस आता गिरणी कामगारांना जगाचा नकाशा उलगडून दाखवत होता.

लाल बावटा कलापथक

१९४४ मध्ये अण्णा भाऊ, शाहीर अमर शेख आणि शाहीर द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. बार्शीचे अमर शेखही कष्टाच्या कामांतून वर आलेले. त्यांचा आवाज असा की हजारोंची सभा एका तानेत शांत व्हावी. या तिघांनी चाळींच्या चौकात, गिरण्यांच्या फाटकांवर, खेड्यांतल्या पारांवर कार्यक्रम केले.

तमाशाच्या रूपात अण्णा भाऊंनी मोठा बदल केला. तमाशाची सुरुवात गणाने, म्हणजे गणेशवंदनेने होते. त्यांनी त्या जागी मायभूमीला, हुतात्म्यांना आणि श्रमिकांना वंदन करणारा गण आणला. गौळण गाळली. वगात राजे-महाराजांच्या जागी सावकार, मालक, शेतकरी आणि मजूर आले. ‘अकलेची गोष्ट’, ‘खापऱ्या चोर’, ‘माझी मुंबई’ या त्यांच्या वगांत साधा माणूस शहाण्यांना प्रश्न विचारतो आणि शहाणे निरुत्तर होतात. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध घातले, लाल बावटा कलापथकावरही बंदी आली. तेव्हा तमाशाच ‘लोकनाट्य’ या नावाने उभा राहिला. आज आपण हा शब्द सहज वापरतो. त्यामागे अण्णा भाऊंचा मोठा वाटा आहे.

पठ्ठे बापूरावांनी मुंबईच्या वैभवावर लावणी लिहिली होती. अण्णा भाऊंनीही ‘मुंबईची लावणी’ लिहिली, पण तिच्यात मलबार हिलच्या श्रीमंतीशेजारी फोरास रोडचे आणि परळचे दुःख ठेवले. शहर तेच, पाहणारा बदलला.

याच काळात ‘लोकयुद्ध’ या साप्ताहिकात त्यांनी बातमीदार म्हणून काम सुरू केले. गाणारा माणूस लिहिणारा झाला, तो इथे. हातात लेखणी देणारे, लिहिलेले तपासून छापणारे लोक भेटले. फडाने त्यांना बोलायला शिकवले आणि छापखान्याने ते बोलणे टिकवले.

बेळगावचा ठराव आणि गिरणगावातली मैना

आता आपल्या भागाचा संबंध. १२ मे १९४६ रोजी बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या मराठी साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. आपल्या गावाच्या इतिहासातला हा मोठा दिवस. पण संमेलनाचा ठराव सुशिक्षितांच्या सभागृहात होतो. तो गिरणीतल्या साचेवाल्यापर्यंत, हमालापर्यंत, शेतमजुरापर्यंत पोचायला दुसरी भाषा लागते. पुढच्या दहा वर्षांत ते काम शाहिरांनी केले.

१९५६ च्या जानेवारीत राज्य पुनर्रचनेचा निर्णय जाहीर झाल्यावर बेळगाव आणि निपाणीतही माणसे रस्त्यावर आली आणि गोळीबारात बळी गेले. १७ जानेवारीला आपण हुतात्म्यांना अभिवादन करतो ते त्यासाठी. याच आंदोलनाच्या काळात अण्णा भाऊंनी ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड लिहिली. वरवर पाहता ती पोटासाठी मुंबईला गेलेल्या एका कामगाराच्या विरहाची गोष्ट आहे. बायको गावाकडे, तो परळच्या गर्दीत. ऐकता ऐकता त्या विरहाला दुसरा अर्थ येतो आणि मैनेच्या ताटातुटीतून प्रदेशांची ताटातूट बोलू लागते. त्यात बेळगाव आणि कारवार ही नावे येतात.

राज्य, भाषा, हद्द हे शब्द जड आहेत. घरदार सोडून आलेल्या कामगाराला मात्र ताटातूट म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. अण्णा भाऊंनी राजकीय प्रश्न त्याच्या स्वतःच्या दुःखाच्या भाषेत सांगितला. त्यांना हे जमले, कारण ते स्वतः पायी मुंबईला गेलेले पोर होते. आपल्या भागातल्या कार्यक्रमांत ही छक्कड आजही गायली जाते. ती ऐकताना प्रदेशाचे दुःख आठवते, पण ते सांगणारा माणूस एक शाळाबाह्य मुलगा होता, हेही आठवावे.

लेखणी

१९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन झाले. त्याचे उद्घाटन अण्णा भाऊंनी केले. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तरलेली नसून ती दलित आणि कष्टकऱ्यांच्या तळहातावर उभी आहे, या आशयाचा विचार त्यांनी तिथे मांडला आणि तो पुढे दलित साहित्याचा पायाच ठरला. १९५९ मध्ये ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली. ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली. १९६१ मध्ये तिला महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार मिळाला. ज्या जमातीला कायद्याने गुन्हेगार ठरवले, तिच्यातला माणूस या कादंबरीत नायक आहे. उपाशी गाव जगवण्यासाठी तो लुटतो आणि अखेर आपल्या माणसांना सोडवण्यासाठी स्वतःहून हजर होतो. सरकारी दप्तरात जो गुन्हेगार होता, त्याची बाजू प्रथमच त्याच्या घरच्या माणसाने मांडली.

‘वैजयंता’, ‘चित्रा’, ‘वारणेचा वाघ’, ‘चिरागनगरची भुतं’ अशी कितीतरी नावे घेता येतील. त्यांच्या कथांवर आणि कादंबऱ्यांवर चित्रपटही निघाले. ‘वैजयंता’मध्ये त्यांनी तमाशातल्या कलावंतिणीला माणूस म्हणून उभे केले. त्यांच्या नायिका रडत बसत नाहीत. त्या काम करतात, हट्ट करतात, प्रसंगी हात उचलतात.

एकच कथा वाचायची असेल तर आम्ही ‘स्मशानातील सोनं’ सुचवू. खाणीतले काम बंद पडल्याने बेकार झालेला भीमा मढ्यांच्या राखेतून सोन्याचा कण शोधू लागतो. पोट भरते. एके रात्री पुरलेल्या प्रेताच्या तोंडातले सोने काढताना त्याची बोटे जबड्यात अडकतात आणि त्याला ती गमवावी लागतात. पुढे कळते की बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाली आहे. दगड फोडायला बोटे हवीत आणि ती तर गेली. बेकारीवर लिहिलेले जाडजूड अहवाल जे सांगू शकत नाहीत, ते ही कथा काही पानांत सांगते. ती लिहायला खाणीतले आणि झोपडपट्टीतले जगणे जवळून पाहिलेला माणूसच हवा होता.

१९६१ मध्ये अण्णा भाऊ रशियाला जाऊन आले. ‘माझा रशियाचा प्रवास’ हे त्या अनुभवाचे पुस्तक. त्यांच्या काही साहित्याचे रशियन अनुवाद झाले होते, त्यामुळे तिथले वाचक त्यांना ओळखत होते. पायी मुंबई गाठलेला मुलगा विमानाने मॉस्कोला पोचला.

शेवटची वर्षे

कीर्ती वाढली तरी घर घाटकोपरच्या चिरागनगरमधली झोपडीच होती. लेखनाचा मोबदला हाती पूर्ण येत नसे, आला तरी टिकत नसे. पुस्तकांच्या आवृत्त्या निघत, चित्रपट लागत आणि लेखकाच्या घरी चूल पेटण्याची पंचाईत. अखेरच्या काळात त्यांना गोरेगावच्या सिद्धार्थनगरमध्ये घर मिळाले. तिथेच १८ जुलै १९६९ रोजी वयाच्या ४९ व्या वर्षाच्या उंबरठ्यावर त्यांचे निधन झाले. त्याआधी महिनाभर, १३ जूनला, आचार्य अत्रे गेले होते. २९ ऑगस्टला अमर शेख अपघातात गेले. अडीच महिन्यांत महाराष्ट्राने आपले तीन मोठे आवाज गमावले.

२००२ मध्ये टपाल खात्याने अण्णा भाऊंचे तिकीट काढले. २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा अर्धपुतळा बसला. हे सगळे व्हायलाच हवे होते. पण हयातीत त्यांच्या वाट्याला आलेली ओढाताण आपण विसरू नये. गरिबाच्या आवाजाला टाळ्या देणे सोपे असते, त्या आवाजाची मजुरी चुकती करणे अवघड जाते.

आपल्या गावातले तुकाराम

आता मुद्द्याचे. शाळा नसली तरी चालते, बघा अण्णा भाऊ, असे कोणी म्हणत असेल तर तो अण्णा भाऊंचा अपमान आहे. शाळेने नाकारल्याची किंमत त्यांनी आयुष्यभर मोजली. प्रत्येक मूल शाळेत गेलेच पाहिजे आणि तिथे त्याला मानाने बसता आले पाहिजे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. पण तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. पंधराव्या वर्षी शाळा सुटलेल्या मुलाचे पुढे काय, हे कोणी विचारत नाही.

अशी मुले-मुली आपल्या अवतीभवती आहेत. निपाणी भागात घरोघरी सुपात पाने आणि तंबाखू घेऊन आईच्या जोडीला विड्या वळणाऱ्या मुली आहेत. बेळगावच्या वडगाव, शहापूर, खासबाग भागात यंत्रमागाच्या खडखडाटात उभी असलेली पोरे आहेत. उद्यमबागेतल्या कारखान्यांत, हॉटेलांत, गॅरेजांत, वीटभट्ट्यांवर आहेत. मराठी, कन्नड, उर्दू अशा तीन भाषा त्यांच्या कानावर रोज पडतात आणि तिन्हींत ती सफाईने बोलतात. त्यांना सांगण्यासारखे काही नाही असे कोण म्हणेल?

त्यांना जागा मात्र नाही. वक्तृत्व, निबंध, कथाकथन, समूहगीत या स्पर्धांची पत्रके शाळांना जातात, प्रवेशिकेवर शाळेचा शिक्का लागतो, वेळ दिवसाची असते. जे मूल शाळेच्या पटावर नाही, ते आपोआपच बाहेर राहते. त्याच्याविषयी भाषणे होतात, पण त्याचे भाषण होत नाही.

अण्णा भाऊंच्या चरित्राकडे या दृष्टीने पाहिले तर चार गोष्टी स्पष्ट दिसतात. पहिली, त्यांना मिळालेली जागा त्यांच्या वस्तीतच होती. दुसरी, वेळ कामानंतरची, संध्याकाळची होती. तिसरी, विषय त्यांचा स्वतःचा होता. आणि चौथी, त्यांचे बोलणे नंतर कोणीतरी छापले, टिकवले. यातली एकही गोष्ट खर्चाची नाही.

आपल्या भागात कडोली, येळ्ळूर, बेळगुंदी, उचगाव, सांबरा अशा गावांत दरवर्षी ग्रामीण साहित्य संमेलने भरतात. लोकवर्गणीतून एवढी संमेलने भरवणारा मुलूख विरळाच. त्या मांडवात एक तास अशा मुला-मुलींसाठी राखून ठेवता येईल. शाळेचा शिक्का नको, वयाचा दाखला नको, लिहिलेले नको. गोष्ट सांगा, गाणे म्हणा, कामावरचा एखादा दिवस सांगा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे बोलणे एखाद्या महाविद्यालयीन विद्यार्थ्याने टिपून घ्यावे आणि ते संमेलनाच्या स्मरणिकेत त्यांच्या नावाने छापावे. रोजंदारीवरच्या मुलाचा त्या दिवसाचा रोज बुडणार असेल तर तोही भरून द्यावा. पाहुण्यांचे मानधन आपण देतोच.

तालीम मंडळे, शिवजयंतीच्या चित्ररथाची मंडळे, गणेशोत्सव मंडळे यांनाही हे जमण्यासारखे आहे. तिथे ही पोरे आधीपासून राबतातच. खांब रोवणे, दिव्यांच्या माळा लावणे, ढोल वाजवणे त्यांच्याकडेच असते. फक्त बोलण्याची पाळी आली की ती मांडवाच्या मागे जातात. त्यांना एकदा पुढे बोलवायचे आहे.

कदाचित त्यातले कोणी डासांवर बोलेल, कोणी विडीच्या पानाच्या वासावर, कोणी मागाच्या आवाजाने बहिऱ्या झालेल्या बापावर. ते साहित्य आहे की नाही, हा निवाडा नंतर होईल. लेबर कॅम्पातल्या त्या संध्याकाळीही कोणी तो निवाडा केला नव्हता. लोकांनी आधी ऐकून घेतले होते.

येत्या १ ऑगस्टला अण्णा भाऊंच्या प्रतिमेला हार घालू तेव्हा आपल्या गल्लीतल्या अशा एका तरी मुलाला किंवा मुलीला दोन शब्द बोलायला उभे करू या. लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांना आमचे विनम्र अभिवादन.